मेडिकल जर्नलसाठी रेफरन्स कसे लिहावेत: वाचलेल्या पेपरपासून प्रूफपर्यंत

माझा पहिला पेपर रिव्ह्यूहून परत आला तेव्हा रिव्ह्यूअरने एका वाक्याखाली रेघ मारली होती. वाक्य विंचूदंशाच्या उपचाराबद्दल होतं, पुढे चौदा हा आकडा होता आणि यादीत चौदाव्या क्रमांकावर होता गरोदरपणातल्या ॲनिमियाचा पेपर. पाठवण्याच्या आदल्या रात्री प्रस्तावनेत मी एक नवा रेफरन्स घातला होता. यादीत तो पाचव्या जागी टाकला, पण मजकुरातले पुढचे आकडे हाताने बदलायचे राहून गेले आणि तिथून पुढचा प्रत्येक आकडा चुकीच्या पेपरकडे बोट दाखवू लागला. ज्यांचे रेफरन्स जुळत नाहीत त्यांच्या तक्त्यांवर विश्वास कसा ठेवायचा, असं त्यांनी समासात विचारलं होतं. मला ते फार लागलं. प्रश्न रास्तच होता.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे थिसिस जमा झाला की त्यातून पेपर काढायची घाई सुरू होते, आणि त्या घाईत सगळ्यात जास्त हेळसांड रेफरन्सचीच होते. रेफरन्स देणं म्हणजे वाचकाला सांगणं, की हे मी वाचलं आहे, तिथे हेच लिहिलं आहे, आणि तुम्हाला पडताळायचं असेल तर इथे जा. स्वल्पविराम, अर्धविराम, कंस यांचे नियम वाचकाला नेमक्या त्या पानावर नेण्यासाठी आहेत. हे एकदा मनात बसलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

आधी जर्नल ठरवा, मग हात लावा

‘व्हँकुव्हर स्टाइलमध्ये रेफरन्स द्या’ असं गाईड सांगतात आणि रेसिडेंटला वाटतं की ही एकच ठरलेली पद्धत आहे. जानेवारी १९७८ मध्ये काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमले. हस्तलिखितं कशी मागवायची याचे समान नियम त्यांनी ठरवले आणि १९७९ मध्ये ते पहिल्यांदा छापून आले. पुढे या गटाची आंतरराष्ट्रीय समिती झाली. आज तिला आयसीएमजेई म्हणतात. रेफरन्सचा तपशीलवार साचा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने, म्हणजे एनएलएमने तयार केला. मूळ घराणं हे. पण प्रत्येक जर्नलने त्यात आपापले बदल केले आहेत आणि पेपर परत येतो तो या बदलांमुळे.

म्हणून पहिलं काम हे की जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना उघडा आणि त्याच जर्नलच्या ताज्या अंकातले दोन-तीन पेपर शेजारी ठेवा. सूचना कधी कधी जुन्या राहिलेल्या असतात, छापील पेपर मात्र आजची पद्धत दाखवतो. एका कागदावर सात गोष्टी टिपून घ्या: मजकुरातला आकडा वर चढवलेला आहे, गोल कंसात आहे की चौकोनी, तो पूर्णविरामाच्या आधी येतो की नंतर, किती लेखकांची नावं दिल्यावर ‘एट अल’ (म्हणजे ‘आणि इतर’) लिहितात, अंकाचा क्रमांक देतात का, शेवटचं पान पूर्ण लिहितात की आखूड करून, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) हवा का, आणि एकूण किती रेफरन्सना परवानगी आहे. शेवटची गोष्ट आधीच पाहा. थिसिसमधले दीडशे रेफरन्स घेऊन बसलात आणि जर्नलला तीसच चालत असतील, तर कुठले ठेवायचे हा निर्णय लिहायच्या आधी घ्यावा लागतो.

फरक किती बारीक असतात ते पाहा. एनएलएमच्या पद्धतीत पानं १९५५-६१ अशी लिहितात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीत तीच १९५५-१९६१ होतात. आठ लेखक असतील तर व्हँकुव्हर पाळणारी बरीच जर्नलं पहिली सहा नावं देऊन ‘एट अल’ लिहितात, अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शैली पहिली तीनच देते. दोन्ही बरोबर आहेत. एकाच यादीत दोन्ही मिसळणं तेवढं चूक.

वाचतानाच नोंद करा

रेफरन्स मॅनेजर, म्हणजे रेफरन्स साठवून आकडे आणि यादी आपोआप लावणारं सॉफ्टवेअर, वापरा; इथे मी कुणालाही सूट देत नाही. झोटेरो फुकट आहे आणि आपल्या कामाला पुरून उरतं. कॉलेजने एंडनोट घेतलेलं असेल तर तेही चालेल, मेंडेली वापरत असाल तर तेही. हाताने आकडे टाकायचे नाहीत, मुद्दा एवढाच.

झोटेरोत पेपर आणायचा सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे त्याचा पीएमआयडी (पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीतला क्रमांक) किंवा डीओआय टाकणं. पबमेडवर पेपरच्या पानावर पीएमआयडी दिसतो; तो कॉपी करून झोटेरोच्या जादूच्या कांडीच्या चिन्हावर टाका, सगळी माहिती आपोआप भरली जाते. सर्च इंजिनवरून आयात केलेल्या नोंदींत लेखकांची नावं अर्धवट, जर्नलचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत, अशा गडबडी फार असतात.

नोंद आली की लगेच तीन गोष्टी तपासा. पेपरचं शीर्षक वाक्यासारखं हवं: पहिलं अक्षर आणि विशेषनामं तेवढी मोठी. झोटेरो लहान अक्षरांची मोठी करू शकतं, पण उलटं करताना विशेषनाम कोणतं हे त्याला कळत नाही, म्हणून साठवतानाच वाक्यासारखं ठेवा. दुसरं, जिवाणू-प्राण्यांची शास्त्रीय नावं तिरकी आहेत का. तिसरं, अंकाचा क्रमांक रिकामा तर नाही ना. प्रत्येक पेपरला एखादं मिनिट जाईल; सबमिशनच्या रात्री हेच काम तासाभराचं होतं.

आणि त्या नोंदीखाली एक ओळ लिहून ठेवा: हा पेपर मी कशासाठी वापरणार आणि ते वाक्य कुठल्या पानावर आहे. सहा महिन्यांनी डिस्कशन लिहिताना ही एक ओळ अख्खा पेपर पुन्हा वाचण्यापासून वाचवते.

मजकुरातले आकडे

क्रम अगदी सरळ आहे. मजकुरात जो पेपर पहिल्यांदा येतो तो एक, पुढचा नवा पेपर दोन. तोच पेपर पुन्हा आला तर त्याचा जुनाच आकडा. एका ठिकाणी अनेक पेपर असतील तर ३,५-८ असं लिहितात. सलग आकडे जोडरेषेने, तुटक स्वल्पविरामाने.

आकडा कुठे ठेवायचा यात मात्र विचार लागतो. परिच्छेदभर विधानं करायची आणि शेवटी एकत्र सात रेफरन्स टाकायचे, ही सवय सोडा. कोणतं विधान कुणाचं हे वाचकाला कळलं पाहिजे. उदाहरणार्थ: ‘घरोघरी जाऊन दिलेल्या सेवेने गडचिरोलीत नवजात बालकांचे मृत्यू घटले [३], तर प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास विंचूदंशाचे रुग्ण लवकर सावरतात [४].’ इथे प्रत्येक आकडा आपल्या विधानाला चिकटून आहे. दोन्ही आकडे शेवटी टाकले असते तर वाचकाला दोन्ही पेपर उघडून शोधावं लागलं असतं.

तक्त्यात किंवा आकृतीच्या मथळ्यात रेफरन्स असेल तर त्याचा क्रमांक त्या तक्त्याचा मजकुरात पहिल्यांदा उल्लेख होतो त्या जागेवरून ठरतो. तक्ते पेपरच्या शेवटी जोडले म्हणून त्यांचे रेफरन्स शेवटी मोजायचे नसतात. ही चूक चांगले चांगले लेखक करतात, कारण तक्ते वेगळ्या फाईलमध्ये असतात आणि तिथे रेफरन्स मॅनेजर जोडलेला नसतो. सगळं एकाच फाईलमध्ये लिहा, शेवटी वेगळं काढा.

ॲब्स्ट्रॅक्टमध्ये रेफरन्स देत नाहीत.

जर्नलमधल्या पेपरचा रेफरन्स, तुकड्या-तुकड्याने

निम्म्याहून जास्त यादी याच प्रकाराची असते, म्हणून इथे वेळ घालवू. तुमच्या हस्तलिखितात हे रोमन लिपीत असेल. रचना कळावी म्हणून इथे देवनागरीत देते.

बंग एटी, बंग आरए, बैतुले एसबी, रेड्डी एमएच, देशमुख एमडी. इफेक्ट ऑफ होम-बेस्ड निओनेटल केअर अँड मॅनेजमेंट ऑफ सेप्सिस ऑन निओनेटल मॉर्टॅलिटी: फील्ड ट्रायल इन रूरल इंडिया. लॅन्सेट. १९९९;३५४(९१९४):१९५५-६१.

हा अभय आणि राणी बंग यांचा गडचिरोलीचा पेपर. आता चिन्हं पाहा. आडनाव आधी, मग आद्याक्षरं. दोहोंमध्ये स्वल्पविराम नाही आणि आद्याक्षरांना टिंबही नाही. स्वल्पविराम येतो तो एका लेखकाला दुसऱ्यापासून वेगळं करायला. पाचच लेखक आहेत म्हणून पाचही नावं. शीर्षक वाक्यासारखं, अवतरणचिन्हं नाहीत. जर्नलच्या नावानंतर पूर्णविराम. वर्षानंतर अर्धविराम, मग जागा न सोडता खंड, कंसात अंक, विसर्गासारखी दोन टिंबं आणि पानं. वर्षापासून पानांपर्यंत कुठेही मोकळी जागा नाही. यादीवर नजर फिरवताना मी पहिल्यांदा तेच बघते. तिथे जागा दिसली की कुणीतरी हाताने टाइप केलंय हे कळतं.

पबमेडवर याच पेपरला ‘साइट’ बटण दाबून एनएलएम पद्धत निवडली तर वर्षापुढे महिना आणि तारीखही येते, शेवटी डीओआय आणि पीएमआयडी येतात. ते चूक नाही. ज्या जर्नलची पानं खंडभर सलग चालतात तिथे महिना आणि अंक गाळले तरी पेपर सापडतो, म्हणून बरीच जर्नलं ते गाळतात. तुमच्या कागदावरच्या टिपणाप्रमाणे ठेवा किंवा काढा, पण सगळीकडे सारखं.

दुसरं उदाहरण मुद्दाम वेगळं घेते. महाडच्या बावस्कर दांपत्याची विंचूदंशावरची चाचणी:

बावस्कर एचएस, बावस्कर पीएच. एफिकसी अँड सेफ्टी ऑफ स्कॉर्पिअन अँटिव्हेनम प्लस प्राझोसिन कम्पेअर्ड विथ प्राझोसिन अलोन फॉर व्हेनमस स्कॉर्पिअन (मेसोब्युथस टॅम्युलस) स्टिंग: रँडमाइझ्ड ओपन लेबल क्लिनिकल ट्रायल. बीएमजे. २०११;३४२:सी७१३६.

इथे पान नाहीच. ऑनलाइन निघणाऱ्या पेपरला असा ओळख क्रमांक असतो आणि पानांच्या जागी तोच लिहायचा. डाउनलोड केलेल्या पीडीएफवरची १ ते ७ पानं पाहून ती टाकणारे बरेच भेटतात. त्या पानांवरून कुणालाही काही सापडत नाही. विंचवाचं शास्त्रीय नाव तिरक्या अक्षरांत, हे वर सांगितलंच.

नावांचा गुंता

आपल्याकडच्या नावांनी रेफरन्सच्या याद्यांना कायम छळलंय. सुनीता विनायक कुलकर्णी यांचं ‘कुलकर्णी एसव्ही’ होतं, हे सोपं. पण पेपरवर नाव ‘कुलकर्णी सुनीता विनायक’ असं छापलं असेल तर ऑनलाइन नोंदीत आडनाव ‘विनायक’ होऊन बसतं. दक्षिणेकडच्या लेखिकेचं नाव ‘आर. लक्ष्मी’ असेल तर आर हे बहुधा वडिलांचं किंवा गावाचं आद्याक्षर असतं. तिथे ‘लक्ष्मी आर’ असंच लिहायचं. एनएलएमच्या पद्धतीत दोनपेक्षा जास्त आद्याक्षरं घेत नाहीत, तिसरं सोडून द्या. लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकेचं नाव त्या पेपरवर जसं छापलंय तसंच ठेवा, आज त्या कुठल्या नावाने ओळखल्या जातात ते पाहू नका. शंका आली तर पेपरचं पहिलं पान उघडा, तिथे छापलेलं नाव अंतिम.

जाता जाता स्वतःबद्दलही. एका पेपरवर पूर्ण नाव, दुसऱ्यावर आद्याक्षरं, तिसऱ्यावर सासरचं आडनाव असं केलंत तर तुमचे पेपर तीन वेगळ्या माणसांचे दिसतात. पहिल्या पेपरलाच एक रूप ठरवा आणि ऑर्किड (ओआरसीआयडी) हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढून घ्या. तो फुकट मिळतो.

जर्नलांची लघुरूपं अंदाजाने लिहू नका. एनएलएमच्या कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाकलं की अधिकृत लघुरूप मिळतं. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चचं ‘इंडियन जे मेड रेस’ होतं. ‘इंडियन’ आखूड होत नाही. लॅन्सेट, नेचर यांसारखी एका शब्दाची नावं आहेत तशीच राहतात. मुंबईच्या सेठ जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएम हॉस्पिटलचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन हे ‘जे पोस्टग्रॅड मेड’. आणखी एक खाच: आजचं बीएमजे पूर्वी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ होतं, म्हणून १९५० च्या पेपरला ‘बीआर मेड जे’ असंच लघुरूप लागतं. पेपर छापला तेव्हा जर्नलचं जे नाव होतं ते द्यायचं.

बाकीचे प्रकार

पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणाला आधी प्रकरणाचा लेखक आणि प्रकरणाचं शीर्षक, मग ‘इन:’ लिहून संपादकांची नावं, पुस्तकाचं नाव, आवृत्ती, शहर: प्रकाशक; वर्ष आणि शेवटी पानं. नुसतं पुस्तकाचं नाव देऊन थांबू नका, दोन हजार पानांच्या ग्रंथात वाचक काय शोधणार? आणि आवृत्ती तुमच्या हातात जी आहे तीच द्या.

सरकारी अहवालांत लेखकाच्या जागी संस्था येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आपल्याकडच्या अनेक पेपरांत हटकून असतं, आणि ‘भारत सरकार’ एवढंच लेखक म्हणून लिहिलेलं मी कितीदा खोडलंय. ते असं हवं: इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस, आयसीएफ. नॅशनल फॅमिली हेल्थ सर्व्हे (एनएफएचएस-५), २०१९-२१: इंडिया. मुंबई: आयआयपीएस; २०२१. महाराष्ट्राचा स्वतंत्र अहवाल वापरला असेल तर त्याचा रेफरन्स वेगळा.

वेबसाइटला कधी पाहिली ती तारीख आणि पूर्ण पत्ता लागतो. मंत्रालयांची पानं हलतात, म्हणून पाहिलं त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा. प्रीप्रिंट (रिव्ह्यूआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) असेल तर तो प्रीप्रिंट आहे असं रेफरन्समध्येच लिहा. सबमिट करायच्या आधी तो जर्नलमध्ये छापून आलाय का ते पाहा, आला असेल तर छापील रूप द्या. कुणी तज्ज्ञाने फोनवर किंवा मेलवर सांगितलेलं यादीत येत नाही. मजकुरातच कंसात त्यांचं नाव आणि तारीख येते, तीही त्यांची लेखी परवानगी घेऊन.

मूळ पेपर उघडला का?

रेफरन्स सुबक दिसला म्हणून तो खरा होत नाही. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र छापून आलं, जेमतेम पाच वाक्यांचं. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांमध्ये व्यसनाची चारच प्रकरणं नोंदली गेली, असं त्यात होतं. पुढे ते पत्र शेकडो पेपरांत आलं, आणि २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये मोजदाद छापली गेली: ६०८ उल्लेख, त्यांतले ४३९ या औषधांनी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून. पत्रातले रुग्ण दाखल केलेले होते, हे पाचांतल्या चार लेखकांनी लिहिलंच नव्हतं. उत्तर अमेरिकेत या औषधांनी घेतलेले बळी आपण जाणतो. रेफरन्स दुसऱ्याच्या पेपरमधून उचलून आपल्या यादीत ठेवायची सवय कुठवर जाऊ शकते ते मला या पत्राइतकं कशानेच पटलेलं नाही.

म्हणून नियम असा की जो मूळ पेपर तुम्ही उघडला नाही तो यादीत नको. मूळ मिळतच नसेल तर ज्या पेपरमधून माहिती घेतलीत तोच द्या, आणि वाक्यात तसं लिहा. एआयच्या चॅटबॉटने दिलेला रेफरन्स तर पबमेडवर सापडेपर्यंत अस्तित्वातच नाही असं धरा. लेखक खरे, जर्नल खरं आणि पेपर मात्र कधी लिहिलाच गेला नाही, असे रेफरन्स तो बिनचूक व्हँकुव्हरमध्ये देतो.

मागे घेतलेल्या पेपरांचीही अशीच काळजी. करोनाच्या काळात हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा मोठा पेपर लॅन्सेटमध्ये २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. त्या दोन आठवड्यांत कुणी तो आपल्या पेपरमध्ये घेतला असेल, तर पुन्हा तपासल्याशिवाय ते कळलं नसतं. पबमेडवर मागे घेतलेल्या पेपरवर ठळक पट्टी असते आणि झोटेरोही इशारा देतं. इतिहास म्हणून तसा पेपर द्यायचाच असेल, तर तो मागे घेतलेला आहे हे रेफरन्समध्ये लिहा.

पाठवायच्या आदल्या दिवशी

आदल्या दिवशी म्हणजे खरंच आदल्या दिवशी, रात्री नव्हे. सहलेखकांपैकी एकाला सोबत घ्या. एकाने मजकुरातलं वाक्य आणि आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने यादीतला तो पेपर काढून ‘हो, हेच’ म्हणायचं. तीस रेफरन्सना साधारण तास लागतो. माझा चौदावा रेफरन्स या तासाने वाचला असता.

मग प्रत्येक डीओआयवर क्लिक करून तो उघडतो का पाहा. डीओआय नसलेल्या जुन्या पेपरांसाठी पबमेडचं सिंगल सायटेशन मॅचर वापरा: जर्नल, खंड आणि पहिलं पान टाकलं की पेपर समोर यायला हवा. आला नाही तर तीनपैकी एक आकडा चुकलाय.

सगळं जुळलं की फाईलची एक प्रत जपून ठेवा आणि दुसऱ्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ करा, म्हणजे रेफरन्स साधा मजकूर होतील आणि जर्नलच्या यंत्रणेत आकडे बिघडणार नाहीत. हे उलटं फिरवता येत नाही. रिव्हिजन आली की काम पहिल्या प्रतीवरच करायचं, कारण रिव्ह्यूअर नवे रेफरन्स मागणार आणि क्रम पुन्हा बदलणार.

पेपर स्वीकारला गेल्यावर प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, येतं, आणि त्यासोबत संपादकीय विभागाचे प्रश्न: अमुक रेफरन्सचा खंड नाही, तमुक मजकुरात आलाच नाही. उत्तराला सहसा दोन-तीन दिवसच देतात, म्हणून झोटेरोचा तो संग्रह पेपर छापून येईपर्यंत पुसू नका. प्रूफमध्ये आधी तक्त्यांतले रेफरन्स आकडे पाहा. मांडणी करताना तक्ता जागचा हलला की सगळ्यात आधी तेच बिघडतात.